शेजारच्या घरात मुलाला मार बसतो आहे. आम्ही काय करावे?

प्रश्न: आम्ही सिडकोत राहतो. इथली घरे भिंतीला भिंत लागून आहेत, त्यामुळे शेजारी काय चालले आहे ते न ऐकायचे म्हटले तरी ऐकू येते. शेजारच्या गृहस्थांचे अंबडच्या एका कंपनीतले ठेकेदाराकडचे काम दिवाळीनंतर सुटले. त्यांची पत्नी दोन-तीन घरी स्वयंपाकाची कामे करते. मुलगा तिसरीत आहे. काही महिन्यांपासून संध्याकाळी त्याला मारल्याचे आवाज येतात. गेल्या आठवड्यात त्याच्या दंडावर आणि मानेमागे वळ दिसले. विचारल्यावर ‘पडलो’ म्हणाला. आई येईपर्यंत तो आमच्या जिन्यावर बसून राहतो. एकदा त्याच्या आईचा ओठही सुजलेला होता. माझे यजमान म्हणतात, दुसऱ्याच्या संसारात पडू नये. गल्लीतल्या मंडळातले दोघे-तिघे पुरुष जाऊन वडिलांना समज द्यायला तयार आहेत. मला हेल्पलाइनला कळवावेसे वाटते. पण मुलाला उचलून अनाथाश्रमात नेले तर? आणि पुरावा नसताना केलेली तक्रार खोटी ठरली तर आमच्यावरच केस होईल का? आमच्या महिला मंडळाला या बाबतीत काही कायमचे करता येईल का, तेही सांगावे.
– एक वाचक, नाशिक

उत्तर: ताई, दोन गोष्टी आधी सांगतो, कारण त्यांना उशीर चालणार नाही. १०९८ या क्रमांकावर फोन करा आणि तो आजच करा. मंडळातल्या पुरुषांना मात्र त्या घरी पाठवू नका. बाकीचे उत्तर सावकाश वाचले तरी चालेल.

समज द्यायला जाण्याची कल्पना चांगल्या हेतूने सुचलेली आहे, तरीही मी तिला ठाम विरोध करतो. चार माणसे दारात उभी राहून ‘पोराला मारू नकोस’ असे सांगतात, तेव्हा तो माणूस त्यांच्यासमोर मान डोलावतो, दार लावून घेतो आणि मग घरच्यांना विचारतो की बाहेर कोणी सांगितले. त्या प्रश्नाला तोंड द्यायला घरात दोघेच उरतात: तिसरीतला मुलगा आणि त्याची आई. आईच्या सुजलेल्या ओठाचा उल्लेख तुम्ही एका वाक्यात करून पुढे गेला आहात. मला मात्र ते वाक्य सगळ्या पत्रात सर्वांत गंभीर वाटले. ओठ कशाने सुजला हे तुम्ही पाहिलेले नाही, त्यामुळे तसे गृहीत धरता येणार नाही, पण तिलाही मार बसत असण्याची शक्यता धरूनच प्रत्येक पाऊल टाकायला हवे. ‘आई असून गप्प कशी बसते?’ असे आपण सहज बोलून जातो. मध्ये पडले की मार वाढतो, हे अनुभवाने कळलेली बाई गप्प बसते तेव्हा बरेचदा ती आपल्या परीने मुलाला वाचवतच असते.

यजमानांच्या आक्षेपात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. शेजाऱ्यांच्या पैशाअडक्यात किंवा सासू-सुनेच्या कुरबुरीत आपण पडू नये, हे खरेच. मुलाला होणारी मारहाण त्या यादीत बसत नाही, कारण ज्याच्याकडे त्याने दाद मागायची तोच मारणारा असतो. केंद्राच्या महिला व बाल विकास मंत्रालयाने २००७ मध्ये १३ राज्यांतल्या मुलांशी बोलून एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात महाराष्ट्रही होता. दर तीन मुलांपैकी दोघांनी शारीरिक मारहाण सोसल्याचे त्यात आढळले, आणि कुटुंबात मार खाणाऱ्यांपैकी ८८.६ टक्के मुलांना मारणारे त्यांचे आईवडीलच होते. अशा वेळी घरातले बाहेर जाऊ नये हा नियम पाळला, तर त्या मुलाला जायला जिन्याशिवाय जागा उरत नाही.

आता पुराव्याविषयी. पुरावा गोळा करणे हे शेजाऱ्याचे काम नाही, आणि मनात शंका आल्यावर पुरावा मिळेपर्यंत थांबणे ही या बाबतीतली सर्वांत महागात पडणारी चूक आहे. तुम्हाला जे दिसले आणि जे ऐकू आले, तेवढे नीट सांगता आले की पुरे. त्यासाठी एका साध्या वहीत तारीख, वेळ, काय ऐकले, कुठे वळ दिसला आणि मुलगा नेमके काय बोलला ते त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा. खेळताना पडणाऱ्या मुलाला बहुधा गुडघे, नडगी, कोपर, कपाळ, हनुवटी अशा हाडाच्या जागी लागते. मानेमागचा भाग, कान, पाठ, पोट, मांड्या आणि दंडाची आतली बाजू सहसा पडण्याने दुखावत नाही. बोटांचे किंवा पट्ट्याचे ठसे आणि गोल चटके हेही तसेच. अशा खुणेने काही सिद्ध होत नाही, पण ‘पडलो’ या उत्तरावर समाधान मानू नये एवढे ती नक्की सांगते. वळ पाहण्यासाठी मुलाचा सदरा मात्र वर करू नका. फोटो काढून गल्लीच्या व्हॉट्सअॅप गटावर तर मुळीच टाकू नका. मुलाची ओळख उघड करण्याला कायद्याने मनाई आहे, शिवाय तो फोटो फिरत फिरत तासाभरात त्याच्या वडिलांच्या मोबाइलवर पोहोचेल.

१०९८ हा क्रमांक चोवीस तास चालतो आणि त्यावर फोन करायला पैसे पडत नाहीत. चाइल्डलाइन १९९६ मध्ये मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या उपक्रमातून सुरू झाली. आता ती मिशन वात्सल्य या केंद्राच्या बाल संरक्षण योजनेखाली महिला व बाल विकास विभागामार्फत चालते आणि ११२ या आपत्कालीन क्रमांकाशी जोडलेली आहे. तुम्हाला नाव सांगायचे नसेल तर तसे स्पष्ट सांगा. माहिती तरीही घेतली जाते. माझी सूचना अशी की बोलताना निष्कर्षापासून सुरुवात करू नये. ‘शेजारचा माणूस राक्षस आहे’ या वाक्याचा यंत्रणेला काही उपयोग नसतो. त्यापेक्षा असे सांगा: ‘तिसरीतला मुलगा आहे, काही महिन्यांपासून संध्याकाळी मारल्याचे आवाज येतात, अमुक तारखेला दंडावर आणि मानेमागे वळ दिसले, आईलाही मार बसत असावा असे वाटते, वडील दिवसभर घरी असतात, आई अमुक वाजता येते, मुलगा अमुक शाळेत जातो.’ शेवटचे तीन तपशील लोक सांगायचे विसरतात. कर्मचाऱ्यांनी कुठे आणि कधी भेटायला जावे हे त्यांवरच ठरते. शेजाऱ्यांनी कळवले हे घरात कळू देऊ नका आणि शक्य असल्यास आधी शाळेत मुलाशी बोला, अशी विनंती तुम्ही मोकळेपणाने करू शकता. आणि फोन करून झाल्यावरही एखाद्या संध्याकाळी आरडाओरडा हाताबाहेर गेला, तर कोणाच्या परवानगीची वाट न पाहता ११२ फिरवा.

‘मुलाला उचलून नेतील’ ही तुमची भीती समजण्यासारखी आहे. ‘रिमांड होममध्ये टाकीन’ ही धमकी ऐकतच आपल्या किती पिढ्या मोठ्या झाल्या आहेत. कायद्याची वाट मात्र वेगळी आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ प्रमाणे काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांविषयीचा निर्णय बाल कल्याण समिती घेते. समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य असतात व त्यांत किमान एक महिला असावी लागते. मुलाची जबाबदारी प्रथम त्याच्या कुटुंबाची, आणि संस्थेत ठेवणे हा सर्वांत शेवटचा उपाय, ही तत्त्वे त्या अधिनियमातच लिहिलेली आहेत. समिती घरच्या परिस्थितीचा सामाजिक तपासणी अहवाल मागवते, आईवडिलांशी बोलते, समुपदेशनाला पाठवते, मुलाला देखरेखीखाली घरीच राहू देते किंवा आजी-मामांसारख्या योग्य व्यक्तीकडे काही काळ सोपवते. घरात राहणेच धोक्याचे असेल तेव्हा त्याला तिथून हलवले जाते, आणि तसे करणाऱ्याला चोवीस तासांच्या आत मुलाला समितीपुढे हजर करावे लागते. मुलाचा ताबा असलेल्या व्यक्तीने त्याला क्रूरपणे वागवणे हा याच अधिनियमाच्या कलम ७५ खाली गुन्हा आहे. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. प्रत्येक फोनचा शेवट तिथेच होतो असे मात्र नाही. त्या कुटुंबाला बाहेरून मदत मिळण्याचे दारही बहुधा याच फोनने उघडते.

खोट्या तक्रारीची चिंताही सोडा. चिंता वाटली म्हणून प्रामाणिकपणे माहिती देणे म्हणजे खोटी तक्रार करणे नव्हे. तुमच्या पत्रात लैंगिक अत्याचाराची काही खूण नाही, तरी महिला मंडळातल्या सगळ्यांना माहीत असावे म्हणून सांगतो की तिथे कायदा तुमच्या मर्जीवर काहीच सोडत नाही. पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा कायदा, २०१२ मधील कलम १९ प्रमाणे असा गुन्हा घडल्याचे कळलेल्या कोणाही व्यक्तीने पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणे बंधनकारक आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. सद्भावनेने दिलेल्या माहितीबद्दल कोणतीही दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होणार नाही, असे त्याच कलमात म्हटले आहे. कलम २२ ची शिक्षा कोणाची बदनामी करायला, पैसे उकळायला किंवा धमकवायला मुद्दाम खोटे सांगणाऱ्यासाठी आहे, आणि मुलाने खोटे सांगितले तरी मुलाला शिक्षा होत नाही. पोलिसांनी मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने आणि गणवेशात नसताना घ्यायचा असतो. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. एवढे ठाऊक असले की ‘पोलिसांची पायरी नको’ म्हणून प्रकरण गल्लीतच मिटवण्याचा मोह कमी होतो.

फोन झाल्यावर जिन्यावर बसणाऱ्या मुलाशी कसे वागायचे? त्याला आत बोलवा, पोहे द्या, पाढे म्हणायला सांगा, जे तुमच्या घरात रोज चालते तेच त्याच्यासमोर चालू द्या. तुमच्या घरात त्या वेळी दुसरेही कोणी असावे आणि दार उघडे असावे. चौकशी करायची झाली तर ‘हाताला काय झाले?’ इतकेच विचारून थांबा. ‘बाबांनी मारले ना? कशाने मारले? रोज मारतात का?’ अशा प्रश्नांनी उत्तर आपणच त्याच्या तोंडी घालतो, आणि पुढे समितीपुढे त्याच्या बोलण्याला किंमत उरत नाही. तो आपणहून बोलला तर मध्ये न बोलता ऐका, चेहऱ्यावर राग दिसू देऊ नका, ‘हे तू सांगितलेस ते बरे केलेस, यात तुझी चूक नाही’ एवढे म्हणा. ‘मी कोणाला सांगणार नाही’ असे वचन मात्र देऊ नका, कारण ते तुम्हाला पाळता येणार नाही आणि ज्याला दिलेले वचन मोडले जाते ते मूल पुन्हा कोणाशी बोलत नाही.

त्याच्या आईशी एकटीशी बोलण्याची संधी पाणी भरताना, किराणा दुकानात, भाजी घेताना मिळेल. थेट नवऱ्याविषयी विचारले तर ती घाबरून मागे सरेल. ‘संध्याकाळी मी घरीच असते, तुम्ही येईपर्यंत त्याला माझ्याकडे अभ्यासाला बसू द्या’ असे म्हणा. ती एरवी दुसऱ्यांच्या स्वयंपाकघरात उभी असताना मुलाच्या काळजीत असते, त्यामुळे हे वाक्य तिला आरोपासारखे वाटणार नाही. चार-आठ दिवसांनी, ती स्वतःहून काही बोलली तर, तिला १८१ ही महिला हेल्पलाइन, पीडित महिलांना एकाच जागी मदत देणारे सखी वन स्टॉप सेंटर आणि कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा २००५ चा कायदा यांविषयी सांगा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून महिलांना आणि मुलांना वकिलाची मदत फुकट मिळते. चिठ्ठी लिहून देऊ नका. तिच्या पिशवीत ती सापडली तर मार तिलाच बसेल. १८१ हा आकडा पाठ होण्यासारखा आहे.

वडिलांबद्दलही लिहायला हवे. ठेकेदाराकडचे काम सुटणे म्हणजे काय, हे अंबड-सातपूरच्या आसपास राहणाऱ्यांना वेगळे सांगायला नको: पगारासोबत बाहेरची ओळखही जाते, बायकोच्या कमाईवर घर चालते, दिवस सरता सरत नाही, आणि शाळेतून आलेले पोर घरात तेवढे एकच असते जे उलटून काही बोलू शकत नाही. हे कारण झाले, सबब नव्हे. काम सुटलेली बहुसंख्य माणसे मुलांवर हात टाकत नाहीत. ‘आम्हीही मार खाऊनच मोठे झालो’ हे बोलणे तर मला कधीच पटलेले नाही. शाळेतही शारीरिक शिक्षेला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने बंदी आहे. तरीही त्या माणसाला मदत मिळाली तर तिचा फायदा मुलालाच आहे. दारूचा प्रश्न असेल तर व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मन खचले असेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हे क्रमांक आहेत. दारू सोडू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अनॉनिमस या गटाच्या सभाही नाशिकमध्ये होतात. एखाद्या कंपनीत किंवा वर्कशॉपमध्ये ओळख असलेल्या कोणी, मारहाणीचा विषयही न काढता, कामाची बातमी त्यांच्यापर्यंत पोहोचवली, तर ते मंडळातल्या पुरुषांनी समज देण्यापेक्षा कितीतरी उपयोगाचे होईल.

महिला मंडळासाठी माझ्या डोक्यात एकच काम आहे, आणि ते व्याख्यान ठेवण्याचे नाही. शाळा सुटल्यापासून आईवडील कामावरून परत येईपर्यंतचे दोन-तीन तास आपल्या वस्तीत कोणाच्याच हिशेबात नसतात. समाजमंदिराची खोली त्या वेळेत अभ्यासिका म्हणून उघडी ठेवा. पण नियम पहिल्या दिवसापासून पाळा: एका वेळी किमान दोन मोठी माणसे असावीत, कोणीही एकट्या मुलाला आतल्या खोलीत नेऊ नये, दार-खिडक्या उघड्या असाव्यात, मुलांचे फोटो काढू नयेत, आणि मदतीला येणारा कितीही ओळखीचा असला तरी त्याची चौकशी करूनच त्याला घ्यावे. बदलापूरच्या शाळेतल्या २०२४ मधल्या लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणानंतर शाळांमधल्या कॅमेऱ्यांची चर्चा खूप झाली, तीही व्हावी. परंतु कॅमेरा व्हॅनवाल्या काकांच्या गाडीत नसतो, शिकवणीच्या खोलीत नसतो आणि घरात तर नसतोच. वर सांगितलेल्या २००७ च्या अभ्यासातही लैंगिक त्रास देणाऱ्यांपैकी निम्मे लोक मुलाच्या ओळखीचे आणि विश्वासाच्या नात्यातले निघाले होते.

अभ्यासिका चालू झाली की अंगणवाडी सेविका आणि आशाताईंना महिन्यातून एकदा तिथे बोलवा. कोणत्या घरात आजारपण आहे, कोणाचे काम गेले आहे, कोणती बाई एकटी पडली आहे, हे त्यांना सर्वांआधी कळते. एक पालक वारला असेल, विभक्त असेल, तुरुंगात किंवा गंभीर आजारी असेल, अशा घरातल्या मुलांसाठी राज्याची बाल संगोपन योजना दरमहा २,२५० रुपये देते. तिची माहिती अनेक पात्र कुटुंबांना नसते, आणि अर्ज भरून देणे हे मंडळाच्या आवाक्यातले काम आहे. २०२२ च्या शासन निर्णयाप्रमाणे शाळेत मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती असायला हवी. ती तुमच्या शाळेत आहे का आणि तिची शेवटची बैठक कधी झाली, एवढे दोन प्रश्न पालक सभेत विचारून पाहा. मिशन वात्सल्यमध्ये प्रभाग पातळीवरही बालकल्याण व संरक्षण समितीची तरतूद आहे, तिची चौकशी महापालिकेच्या सिडको विभागीय कार्यालयात करता येईल.

हे सगळे सिडकोपुरते लिहिले असले तरी द्राक्षांच्या हंगामात पेठ-सुरगाण्याकडून दिंडोरी आणि निफाडच्या मळ्यांवर येणाऱ्या मजूर कुटुंबांची मुले यात कुठे बसतात, हा विचार मनातून जात नाही. त्यांना भिंतीला भिंत लागून असलेला शेजारही नसतो. ज्यांच्या मळ्यावर अशी कुटुंबे उतरतात त्यांनी निदान १०९८ हा क्रमांक पाण्याच्या टाकीवर ठळक रंगवून ठेवावा आणि जवळच्या अंगणवाडीत त्या मुलांची नावे सांगावीत.

शेवटी, फोन केला आणि आठवडाभरात काहीच हालचाल दिसली नाही तर काय? आधी पुन्हा फोन करा. पहिल्या फोनची तारीख आणि वेळ वहीत असेलच, ती सांगा. लक्षात ठेवा, काम चालू असले तरी ते तुम्हाला सांगितले जाईलच असे नाही, आणि गुप्ततेसाठी ते योग्यच आहे. मुलाच्या अंगावर नवे वळ दिसत राहिले, तर जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या अखत्यारीतल्या जिल्हा बाल संरक्षण कक्षाला आणि बाल कल्याण समितीला लेखी अर्ज द्या, त्यात वहीतल्या तारखा उतरवा, तुमची ओळख गुप्त ठेवावी अशी विनंती करा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. तिथेही दाद लागली नाही तर महाराष्ट्र राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे लिहिता येते. तेव्हा ही पोच सोबत जोडा.